गाडीखालचा खडखडाट: आधी कान लावा, मग पान्हा

साताऱ्यात समर्थ मंदिरावरून यवतेश्वरच्या घाटाला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूनं 'टक-टक, टक-टक' सुरू व्हायचं. गुळगुळीत रस्त्यावर काही नाही, मोठ्या स्पीडब्रेकरवरही काही नाही. फक्त उखडलेल्या जागी आणि हळू चालवताना. गॅरेजला नेली. तिथं बॉनेटच्या कोपऱ्यावर दोनदा जोर देऊन निदान झालं, "शॉकअप गेलेत साहेब, जोडी बदला." बदलली. पैसे मोजून घरी निघालो, आणि पोवई नाका यायच्या आत तीच टक-टक पुन्हा हजर. पुढच्या रविवारी स्वतःच चाकामागं हात घातला, तेव्हा चोर सापडला. वीतभर लांबीचा लिंक रॉड, किंमत काही शेकड्यांत. चांगले शॉकअप भंगारात गेले होते.

त्या दिवसापासून मी गाडीचा आवाज ऐकला की 'कोणता पार्ट गेला' असं विचारत नाही. 'आवाज नेमका कधी येतो' हे विचारतो. मेकॅनिककडं जायच्या आधी या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडं असलं, तर निम्मं काम झालेलं असतं.

इथं जे सांगतोय ते आपल्या नेहमीच्या हॅचबॅक आणि छोट्या सेडानला लागू आहे. म्हणजे पुढं मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बसवलेला उभा खांब) आणि मागं एकाच आडव्या बीमवर बसलेली दोन चाकं. चेसीवर बांधलेल्या जीपवजा गाड्यांचं खालचं काम वेगळं असतं, त्यांचा हिशोब इथं लावू नका.

आधी गाडी रिकामी करा

हसू नका. शाहूपुरीतल्या एका काकांनी मला बोलावलं, "अरे बाळा, मागचं शॉकअप बोंबलतंय, बघ की जरा." डिकी उघडली तर स्टेपनी आवळणारा मधला बोल्ट चार आटे सैल. हातानं पिळला, खडखड बंद. काकूंनी चहा दिला, काकांनी मात्र दोन दिवस विश्वास ठेवला नाही.

म्हणून पहिली पायरी ही: डिकीतलं सगळं सामान बाहेर. जॅक, व्हील पाना, टो-हूक, स्टेपनी, सगळं. सीटखालच्या पाण्याच्या बाटल्या, दाराच्या कप्प्यातली नाणी, ग्लोव्हबॉक्समधला चष्म्याचा डबा, मागचा पार्सल ट्रे, तोही काढून ठेवा. मागच्या सीटबेल्टची बकलं प्लास्टिकवर आपटतात, ती सीटमध्ये खोचा. बॉनेट उघडून त्याखालचे रबरी गोळे जागेवर आहेत का बघा; एखादा पडलेला असला तर बॉनेट खड्ड्यात असं काही थडथडतं की माणूस थेट स्ट्रटवर संशय घेतो.

मग हवा. पंपावरचा पोरगा न विचारता चाळीस मारून मोकळा होतो. इतक्या कडक टायरवर प्रत्येक खडा जाणवतो आणि धडधाकट सस्पेन्शनही खडखडतं. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा पाळा. टायर थंड असताना हवा तपासा, घाट उतरून आल्यावर नाही.

आवाज कधी येतो ते पकडा

यासाठी सोबत एक माणूस घ्या. चालवणाऱ्यानं ऐकू नये, ऐकणाऱ्यानं चालवू नये. रेडिओ बंद, एसीचा पंखा बंद, काचा खाली. शक्यतो भिंतीलगत चाला. भिंतीवरून आवाज परत येतो आणि खालचे बारीक आवाज खुलतात. आमच्या साताऱ्यात जागेची कमतरता नाही. उखडलेला तुकडा हवा तर हायवेच्या सर्व्हिस रोडला तो मिळतो, वळणं हवी तर यवतेश्वर घाट आहे, आणि स्पीडब्रेकर तर गल्लोगल्ली आहेत. ऊसहंगामात डबल ट्रॉलीच्या ट्रॅक्टरांनी खचवलेला कुठलाही गावरस्ता तर या कामाला उत्तमच.

पहिली कसोटी सगळ्यात कामाची. आडव्या स्पीडब्रेकरवरून दोन्ही पुढची चाकं एकदम, ताशी १० ते १५ किलोमीटरनं न्या. मग एकच चाक चढेल अशा उंचवट्यावरून जा. दोन्ही चाकं एकत्र वर-खाली होतात तेव्हा अँटीरोल बार (दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा, वळणावर गाडी झुकू न देणारा आडवा दांडा) नुसता फिरतो, पिळला जात नाही. एक चाक वर आणि एक खाली झालं की बार पिळला जातो आणि त्याचे लिंक रॉड ओढले-ढकलले जातात. म्हणजे स्पीडब्रेकरवर शांतता आणि एकाच चाकाच्या खड्ड्यात टक-टक असेल, तर संशय लिंक रॉड किंवा बारच्या रबरांवर जातो. काही स्वस्त लहान गाड्यांना हा बारच नसतो. तुमच्या गाडीला आहे का ते आधी वाकून बघून घ्या.

दुसरी कसोटी ब्रेकची. खडबडीत जागी तीच खडखड ऐकू येत असताना ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवा, गाडी थांबवायला नाही, नुसता टेकवायला. आवाज गायब झाला तर दोष सस्पेन्शनचा नाही. ब्रेक पॅड कॅलिपरमध्ये (पॅड धरून दाबणाऱ्या चिमट्यात) हलताहेत, किंवा कॅलिपरच्या पिना सुकल्या-झिजल्यात, किंवा पॅड दाबून धरणारी पातळ क्लिप मागच्या सर्व्हिसला कुणी तरी परत बसवायची विसरलंय. मी हे तीन गाड्यांत पाहिलंय, आणि तिन्ही मालकांना आधी शॉकअपच सांगितले होते.

तिसरी: रिकाम्या जागेत ताशी २० च्या वेगानं जाऊन करकचून ब्रेक लावा, मग तेच रिव्हर्समध्ये. एकदाच 'ठक्' झालं आणि पुढं शांत, तर लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याचा, बुश (सांध्यातलं रबर) फाटलेला असण्याची शक्यता मोठी. ब्रेक लागताना चाक मागं ओढलं जातं, फाटक्या रबरात आर्म सरकतो आणि लोखंडाला लोखंड भेटतं. अशी गाडी ब्रेक लावताना किंचित एका बाजूला ओढतेही.

चौथी: गाडी उभी, इंजिन चालू, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. स्प्रिंग सुटल्यासारखं 'टंग्' झालं आणि स्टिअरिंगला झटका बसला, तर स्ट्रटच्या डोक्यावरचं माउंटिंग किंवा त्याचं बेअरिंग अडकलंय. स्प्रिंग फिरायला हवी तेव्हा फिरत नाही, पीळ साठतो आणि मग एकदम सुटतो.

राहिलेले आवाज थोडक्यात. जुन्या दाराच्या बिजागरीसारखं 'कुई-कुई', म्हणजे सुकलेलं रबर. मोठ्या खड्ड्यात 'धप्प', म्हणजे बंप स्टॉप (मोठा दणका झेलणारा रबरी ठोकळा) तुटलेला किंवा गाडीत सात माणसं आणि ज्वारीचं पोतं. पूर्ण स्टिअरिंग कापून वळताना 'कट-कट-कट', म्हणजे सीव्ही जॉइंट (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा सांधा), तो सस्पेन्शनच्या खात्यात येत नाही. वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ आणि लांब वळणावर तिचा सूर बदलणं, म्हणजे व्हील बेअरिंग. उभ्या गाडीत ठरावीक आरपीएमला पत्र्याची चिरचिर, म्हणजे सायलेन्सरवरचं हीट शील्ड, उष्णता अडवणारा पत्रा.

एक सावधगिरी. आवाज जिथून येतोय असं वाटतं, तिथून तो येतच असेल असं नाही. आजच्या गाड्यांची बॉडी म्हणजे एकसंध पेटी, डाव्या चाकाचा आवाज डॅशबोर्डच्या मधोमध ऐकू येतो. म्हणून सोबतचा माणूस एकदा पुढं डावीकडं, एकदा मागं उजवीकडं असा जागा बदलून बसू दे.

घरच्या अंगणातली तपासणी

सपाट फरशी किंवा काँक्रीट हवं. मातीत, त्यातून पावसानं भिजलेल्या लाल मातीत, जॅक लावू नका. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. गाडीबरोबर मिळणारा कात्री जॅक हा चाक बदलण्यापुरता आहे. त्याच्या भरवशावर कुणीही, एक हातसुद्धा, गाडीखाली घालायचा नाही. जॅक स्टँड (उचललेली गाडी टेकवायचा लोखंडी टेकू) घ्या, आणि काढलेलं चाक, चाक काढलं नसेल तर स्टेपनी, गाडीच्या दाराखालच्या उंबरठ्याखाली आडवं सरकवून ठेवा. सगळं फसलं तरी गाडी त्या चाकावर बसेल.

पण लिंक रॉड तपासायला जॅक लागतच नाही, आणि लावला तर फसगत होते. एकच बाजू उचलली की बार पिळला जाऊन रॉडवर ताण येतो, आणि तो ताण ढिलाई झाकून टाकतो. बहुतेक मेकॅनिक नेमकं हेच करतात. चाक उचललं, रॉड हलवला, टणक लागला, "हा ओके आहे." माझ्या गाडीचं नेमकं तसंच झालं होतं. त्यामुळं गाडी चारी चाकांवर उभी राहू द्या, इंजिन बंद करा, स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला कापा आणि बाहेर आलेल्या चाकामागं हात घाला. बोटाएवढा जाड उभा रॉड लागेल, त्याचं वरचं टोक बऱ्याच गाड्यांत स्ट्रटला आणि खालचं अँटीरोल बारला. मूठ आवळून त्याला झटके द्या. चांगला रॉड घट्ट असतो, फार तर सांध्यात जड फिरतो. गेलेला असला तर तळहाताला बारीक 'टिक' लागते. त्या टोकाच्या बॉल जॉइंटवरची रबरी टोपी फाटलेली असली, तर आज आवाज नसला तरी एक पावसाळा पुरे. आत ग्रीस असतं. टोपी फाटली की चिखलपाणी शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि बॉल आपल्याच वाटीत खुळखुळू लागतो.

आता चाक उचला. वर आणि खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. ढिलाई लागली तर सोबतच्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर व्हील बेअरिंग. तशीच राहिली तर लोअर बॉल जॉइंटकडं, म्हणजे लोअर आर्म आणि चाक यांच्यामधल्या सांध्याकडं बघा. मग तीन आणि नऊच्या जागी धरून तसंच. इथली ढिलाई स्टिअरिंगच्या दांड्याच्या सांध्यांची: चाकाजवळच्या टाय रॉड एंडची किंवा आतल्या रॅक एंडची. जॉइंटवर बोट ठेवून दुसऱ्याला चाक हलवायला सांगितलं की कोणता ते लगेच कळतं.

या तीन ठिकाणी, म्हणजे बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि बेअरिंग, स्पष्ट ढिलाई सापडली तर गाडी घाटात न्यायची नाही. 'पुढच्या महिन्यात बघू' इथं चालत नाही. बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं पडतं. लिंक रॉडचं तसं नाही. तो गेलेला असताना गाडी वळणावर जास्त झुकते आणि आवाजानं डोकं उठतं, पण पार्ट मिळेपर्यंत सांभाळून चालवता येते.

स्ट्रटचं डोकं तपासायला बॉनेट उघडा, सोबतच्याला स्टिअरिंग सावकाश फिरवायला सांगा आणि माउंटिंगवर तळवा ठेवा. झटका किंवा उडी जाणवली तर निदान पक्कं. माउंटिंगचे नट सैल नाहीत ना, तेही तेव्हाच बघा, विशेषतः गाडी नुकतीच गॅरेजमधून आली असेल तर. बोटं स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये कधीही घालू नका. स्प्रिंगचं सर्वांत खालचं वेटोळं बॅटरीच्या उजेडात नीट बघा, ती तुटते ती बहुतेक वेळा तिथंच, आणि तुटलेला तुकडा खाली कपात पडून राहतो म्हणून पटकन दिसत नाही.

कुईकुई करणाऱ्या रबरासाठी साधा उपाय: पाण्याची फवारणीची बाटली. सोबतचा माणूस गाडीचा कोपरा दाबत राहील, तुम्ही बाजूनं हात लांबवून एकेका बुशवर पाणी मारा. ज्याच्यावर पाणी पडताच आवाज थांबला, तो गुन्हेगार. पावसाळ्यात गप्प बसून मार्चमध्ये बोलणाऱ्या गाड्यांचं रहस्य हेच.

शॉकअपला दोष केव्हा द्यायचा

शॉकअप सहसा मुकाट्यानं मरतो. आतलं तेल गळून गेलं की गाडी लाटेवर बसल्यासारखी डुलते, ब्रेकला नाक खुपसते, टायरवर जागोजागी खळगे पडतात. आवाज हे त्याचं शेवटचं लक्षण. कोपरा दाबून सोडल्यावर गाडी वर येऊन तिथल्या तिथं थांबली तर ठीक, दोन-तीनदा झुलली तर संशय घ्या. बाहेरून तेलाची हलकी ओल आणि तिच्यावर धूळ असेल तर घाबरू नका; ओघळ उतरलेला असेल तर मात्र बदला, आणि एकाच ॲक्सलचे दोन्ही बदला. आमच्याकडच्या लोकांचा 'आवाज म्हणजे शॉकअप' हा समज कुठून आला कळत नाही. बहुधा तो एकच पार्ट सगळ्यांना नावानं ठाऊक आहे.

लिंक रॉड बदलणं: घरी जमेल असं एकमेव काम

दोन्ही बाजूंचे एकदमच घ्या. दुकानदाराला मॉडेल आणि वर्ष सांगा, शक्य असल्यास जुन्याचा फोटो दाखवा, आणि घरी आणल्यावर जुन्याच्या शेजारी धरून लांबी जुळवा. आदल्या रात्री जुन्या नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा.

सकाळी चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. मग पुढच्या दोन्ही बाजू उचलून दोन स्टँडवर घ्या. दोन्हीच उचलायच्या, कारण एकच उचलली तर पिळलेला बार नव्या रॉडचा स्टड भोकात शिरूच देत नाही. दोन स्टँड नसतील तर हे काम गॅरेजला द्या, तिथं अर्ध्या तासाचं आहे.

आट्यांवरची माती तारेच्या ब्रशनं काढा. नट फिरवला की आतला स्टडही बरोबर फिरतो, इथंच नवखे अडकतात. स्टडच्या टोकाला षटकोनी खाच असते, तिच्यात ॲलन की घालून धरा आणि रिंग पान्ह्यानं नट सोडवा. काही रॉडला खाच नसते. तिथं टोपीमागं चपटी जागा असते, ती पातळ पान्ह्यानं धरावी लागते. खाच झिजून गोल झाली तर झटापट करू नका, हॅकसॉ किंवा ग्राइंडर घेऊन नटच कापा. रॉड टाकायचाच आहे. मात्र शेजारून ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची वायर गेलेली असते. कापायला घेण्याआधी त्या दोन्ही बघा, जमल्यास ओल्या फडक्यानं झाका.

नवा रॉड घालताना नवे नट वापरा, जुने लॉक नट पुन्हा तशी पकड देत नाहीत. रबरी टोपी पिळली जाऊ देऊ नका. शेवटचा ताण टॉर्क पान्ह्यानं (किती ताण दिला ते मोजणाऱ्या पान्ह्यानं), मॅन्युअलमधल्या आकड्याइतका. लिंक रॉड बदलल्यावर व्हील अलाइनमेंटची गरज नसते. कुणी आग्रह केला तर कारण विचारा.

जे गॅरेजला द्यायचं, ते लक्ष ठेवून द्या

लोअर आर्मचा बुश प्रेसवर दाबून बसवावा लागतो. हातोड्यानं ठोकून बसवणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा आणि पुढं जा. बऱ्याच गाड्यांत बुश आणि बॉल जॉइंटसह अख्खा आर्म घेणं सोयीचं पडतं. पण खरी गोम वेगळीच आहे. या बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकत असताना पूर्ण आवळले, तर रबर त्या लटकत्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट आधी हातापुरते लावायचे, गाडीचं वजन चाकांवर आणायचं आणि मग शेवटचा ताण द्यायचा. "भाऊ, गाडी खाली घेऊन टाइट करा बरं का," एवढं एक वाक्य बोला. जाणता मेकॅनिक हसून मान हलवेल. यानंतर अलाइनमेंट मात्र करायचीच.

स्ट्रट उघडायचं काम घरी अजिबात नको. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये हात-तोंड फोडण्याइतकी ताकद असते, तिला नीट कंप्रेसर लागतो. माउंटिंगसाठी स्ट्रट खोललाच आहे तर बेअरिंग, बंप स्टॉप आणि धुळीची रबरी नळी त्याच वेळी बदलून घ्या, मजुरी तीच आहे.

मागच्या बाजूला फारसं काही नसतं: शॉकअपची वरची-खालची रबरं, स्प्रिंगखालचं रबरी बसकण, बीमचे दोन मोठे बुश, सायलेन्सर लटकवणारी रबरं. शेवटचं सगळ्यात आधी बघा, हातानं सायलेन्सर हलवला की कळतं.

आणि पावसाळ्याच्या तोंडावर गाडीखाली डिझेल किंवा जळकं ऑइल मारायची जी पद्धत आहे, ती बंद करा. आठवडाभर गाडी गप्प होते, म्हणून लोक खूश असतात. पण खनिज तेलानं ही रबरं फुगतात, मऊ पडतात आणि वर्षात फाटतात. रबराला काही लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस.

गॅरेजमध्ये गेल्यावर "आवाज येतोय" एवढंच सांगू नका. "पुढं डावीकडं, हळू चालवताना, एकच चाक खड्ड्यात गेलं की येतो, ब्रेक टेकवला तरी थांबत नाही" असं सांगा, आणि मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर एक चक्कर मारा. पार्ट बदलण्याआधी त्याची ढिलाई तुमच्या हाताला लावून दाखवायला सांगा. दाखवता आली नाही तर गाडी घरी आणा. काम झाल्यावर जुने पार्ट मागून घ्या.

मग ज्या रस्त्यावर आवाज ऐकला होता, त्याच रस्त्यावर, त्याच वेगानं, काचा खाली करून पुन्हा जा. शंभर-दोनशे किलोमीटर झाले की खोललेला प्रत्येक नट एकदा पान्हा लावून बघा, चाकांचे नटसुद्धा.